अग्घवणीचं पाणी

नबीलाल मिस्त्रींनी तळघराच्या भिंतीवर छिन्नी टेकवली आणि हातोडी न उचलता ती नुसती तळहाताने दाबली. वरच्या सिमेंटचा टवका निघाला. त्यामागे छिन्नी बोटभर आत गेली, ओल्या मातीत जावी तशी.

"बघा शेठ," ते म्हणाले. "वरनं कडक हाय. आतला चुना दही झालाय."

बसवराज पाण्यात उतरले नव्हते. शेवटच्या कोरड्या पायरीवर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते उभे होते. "कंपनीवाल्यांनी दहा वर्षांची खात्री दिली होती. दोनच झाली."

"त्यांनी पाणी आत येऊ नये म्हणून भिंतीचं तोंड बंद केलं. पाणी भिंतीतच राहिलं. जाणार कुटं? वर चढलं."

अक्षता घोटाभर पाण्यात उभी राहून मोबाइलचा उजेड भिंतीवरून वर नेत होती. छातीच्या उंचीवर क्षारांची एक पांढरी रेघ होती आणि तिच्या वर आणखी एक, अजून ओलसर. दर पावसाळ्याची एक. दोन्हींमधलं अंतर तिने वितीने मोजलं. दीड वीत. वरच्या रेघेपासून छताच्या तुळया हातभर दूर होत्या, आणि त्या तुळयांवर मधली खोली होती.

नव्वद वर्षांपूर्वी तिच्या पणजोबांनी ज्वारीची पोती ठेवायला हे तळघर खोदलं, तेव्हा काळी माती संपली, मुरूम संपला, खडक लागला तिथे ते थांबले होते. वर दगड-चुन्याचं घर उभं राहिलं. आता घराचा पुढचा भाग तिच्या वडिलांचा, म्हणजे बसवराजांचा, आणि मागचा धाकट्या संगमेशकाकांचा. मधली खोली दोघांचीही नव्हती. आजोबा सिद्धप्पांनी ती मृत्युपत्रात आपल्या विधवा मुलीला, मायाक्काला, हयातभरासाठी लिहून दिली होती. त्या खोलीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायला मायाक्काला आज अक्कलकोटहून बोलावलं होतं. संगमेशकाका सकाळीच गाडी घेऊन आणायला गेले होते.

"तळघर भरून टाकायचं म्हणजे नेमकं काय?" अक्षताने विचारलं.

"मधल्या खोलीची फरशी फोडायची, तुळया काढायच्या आन् वरनं दगड-काँक्रीट ओतायचं," नबीलाल म्हणाले. "तळघरच ऱ्हाणार न्हाय, मग गळणार काय? पण खोलीत कोण ऱ्हात असंल तर हलवावं लागंल."

"कोणी राहत नाही," बसवराज म्हणाले.

अक्षताने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, मला पुण्याहून हे बघायला बोलावलंत की आत्याला समजवायला?"

"तुझं ऐकती ती." ते जरा थांबले. "आन् तू शिकलीस ते पाण्याचंच की."

ती भूजलाच्या सर्वेक्षणात नोकरीला होती. सहा वर्षं तिने परक्या गावांच्या विहिरींची पातळी मोजली होती. या पाण्याविषयी तिला कोणी काही विचारलं नव्हतं. पावलांनी फरशी चाचपत ती कोपऱ्यात गेली. तिथली शहाबादी बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत लागली, आणि पायाला थंडही. नबीलालनी पहारीने त्या जागी ठोकलं. आवाज बसका आला.

"हितं काय होतं, शेठ?"

"अक्काचं कुंड. अग्घवणीचं. वास यायचा म्हणून कंपनीवाल्यांकडनं बुजवून घेतलं."

नबीलालना शब्द कळला नाही. अक्षताने सांगितलं: इष्टलिंगाच्या पूजेला सोवळ्याने आणलेलं ताजं पाणी म्हणजे अग्घवणी. आत्याला नळाचं पाणी चालत नसे. रोज पहाटे ती ओलेत्याने खाली उतरायची आणि कोपऱ्यातल्या पाच पायऱ्यांच्या कुंडातून कळशी भरून आणायची. पूजेला तांब्याभर पाणी पुरतं. आत्या तीस कळशा काढायची. तुळशीला, अंगणाला, गल्लीतल्या गाईला घालून उरलेलं गटारीत ओतायची. घरात सगळे हसायचे. आत्याचं सोवळं एका तांब्यात मावत नाही, असं संगमेशकाका म्हणायचे. लहानपणी अक्षताने एकदा जिन्यात बसून कळशा मोजल्या होत्या. पावसाळा होता. एकेचाळीस भरल्या होत्या.

मग दोन वर्षांपूर्वी, श्रावणात, त्या ओल्या पायऱ्यांवरून आई घसरली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. महिन्याच्या आत आत्याची पेटी अक्कलकोटला, मठामागच्या चुलतभावाच्या खोलीत गेली. जाताना आठ दिवसांसाठी म्हणून गेली होती.

"फोडू का?" नबीलालनी विचारलं.

"वास येईल," बसवराज म्हणाले.

"फोडा," अक्षता म्हणाली.

वर गाडीचं दार वाजलं. बसवराज जिना चढून गेले.

*

वर अक्षताची आई, महानंदा, डाव्या हाताने शेंगा कुटत होती. उजवं मनगट आता अर्धंच वळायचं. आत प्लेट होती, थंडीत ती हाडापेक्षा आधी गार पडायची. उखळाजवळून तिला उंबरा दिसत होता, आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिलेली मायाक्का. पांढरं पातळ, हातात कापडी पिशवी. कोणी ये म्हणेल याची वाट बघत होती.

"या की अक्का. आपल्याच घरात विचारून येताय व्हय?" महानंदा म्हणाली आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

मायाक्का आत आली. वाळली होती. "संगू गाडी लई जोरात हाणतो," ती म्हणाली. तिची नजर उखळावरून महानंदाच्या हातावर आली. "दुखतंय अजून?"

"थंडीत."

"पायरीवर मी रोज राख टाकत होते. निसरडं होऊ नये म्हणून. बंबातली."

"मग त्या दिवशी?"

"त्या आठवड्यात तुमी बंब काढला की. गिझर बसवला. घरात राख कुठली?"

महानंदाचा मुसळीवरचा हात थांबला. गिझर तिनेच हट्टाने बसवून घेतला होता. मालकांच्या मागे महिनाभर लागून. दोन वर्षं ती या मनगटाकडे बघून एकाच माणसाला बोल लावत आली होती.

"हे आधी सांगायचं होतं," ती म्हणाली.

"कुणी विचारलं न्हाय."

मायाक्का स्वयंपाकघर ओलांडून मधल्या खोलीच्या दाराशी गेली. महानंदाला तिला अडवावंसं वाटलं, पण हात मोकळे असूनही ती उठली नाही. दार ढकलल्याचा आवाज आला. आत तुळईपर्यंत ज्वारीची पोती होती. तळघरात ओल आल्यावर मालकांनी ती वर आणली होती. खाट भिंतीला उभी टेकवली होती. तिच्या मागून एक भेग, वरून खाली, संगमेशच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत गेली होती.

मायाक्का बराच वेळ दारात उभी राहिली. "उंदीर लागतील," एवढंच म्हणाली आणि सोप्यावर जाऊन बसली.

*

"अक्का, सही करू नको," संगमेश हळू आवाजात म्हणाला. येताना गाडीत तो काहीच बोलला नव्हता, हॉर्नच वाजवत आला होता. सोप्यावर दोघंच होते. "अण्णाला ती खोली पाहिजे. तळघराचं नाव पुढं करतोय. तू सोडलीस की तो तितं कायमचं गोडाऊन करणार, मग माझ्या दाराला पुढं यायला रस्ता कुठला?"

"तुझ्या दारासाठी सही करू नको म्हणतोस व्हय?"

"तुझ्यासाठीच म्हणतोय की."

मायाक्का त्याच्याकडे बघत राहिली. संगमेशला ही नजर माहीत होती. लहानपणी तो खोटं बोलला की ती अशीच काही न बोलता बघायची, आणि तो शेवटी स्वतःच खरं सांगून टाकायचा. पन्नाशी उलटल्यावरही त्याने मान खाली घातली.

"माझी भिंत चिरली अक्का. पेन्सिल जाती आत. काल शोभा म्हणाली, मी पोरांना घेऊन माहेरी जाते."

"मग भरू दे की तळघर."

"फरशी फोडली तर ती भिंत उभी ऱ्हाती का, सांग. नबीलाल म्हणतो राहील. पडली तर त्याच्या घरावर पडणार न्हाय."

खालून पहारीचे घाव ऐकू येत होते. एक, दोन, मग थोडं थांबून तिसरा. चौथ्या घावानंतर वेगळाच आवाज आला, मोठ्या बाटलीचं बूच काढावं तसा, आणि नबीलाल ओरडले, "ताई, बाजूला!"

संगमेश धावला. जिन्याच्या तोंडाशी बसवराज आधीच पोहोचले होते. खाली अक्षता गुडघ्यापर्यंत भिजून भिंतीला चिकटली होती. कोपऱ्यातून पाणी वीतभर उंच उसळत होतं, गढूळ, मग हळूहळू स्वच्छ. उसळणं थांबलं तरी पातळी वाढत होती. दोन पायऱ्या बुडाल्या. मग वाढणं थांबलं.

नबीलाल भिंतीला कान लावून उभे होते. सिमेंटच्या टवक्यांमागून बारीक धारा सुटल्या होत्या. भिंतीत कोंडलेलं पाणी खाली उतरत होतं.

"हे कुंड न्हवतं, शेठ," ते जिन्याकडे बघून म्हणाले. "ही घराची मोरी हाय. खडकाला चीर हाय हितं, सगळ्या पेठेचं पाणी मुरमातनं वाहत येऊन हितं निघतं. बांधणाऱ्यानं हुशारीनं त्याला एक तोंड ठेवलं होतं. तुमी तेच बुजवलं. आता मला सांगा, बुजवायच्या आधी ह्यातलं पाणी कोण काढत होतं? कारण रोज काढल्याशिवाय हे घर नव्वद वर्षं उभं ऱ्हाणार न्हाय."

सगळ्यांच्या मागे मायाक्का येऊन उभी राहिली होती. संगमेश बाजूला झाला. मग महानंदा झाली. मग बसवराज.

*

अक्षताला खालून आत्याचे फक्त पाय दिसले, टाचांना भेगा पडलेले.

"आत्या, तू किती काढायचीस? आठवतंय?"

"मोजत न्हवते. तिसरी पायरी दिसंपर्यंत काढायचं."

"हे कोणी सांगितलं?"

"अप्पानं." मायाक्का जिन्यावर बसली. "मी परत आले तेव्हा वीस वर्षांची होते. नवरा गेलेला. दुसऱ्याच दिवशी अप्पा मला हितं खाली घेऊन आला. कळशी दिली हातात. म्हणाला, रोज तिसरी पायरी दिसंपर्यंत पाणी काढायचं. न्हाय काढलंस तर घर ऱ्हाणार न्हाय. त्याच्या आधी तो स्वतः काढायचा. कंबर गेली होती त्याची."

"आणि अग्घवणी?"

"पहिली कळशी लिंगाला. बाकीच्या घराला."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?" बसवराज म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "पन्नास वर्षं? आन् आमी तुला हसत होतो तेव्हा तू सांगितलं न्हाईस? मी तिकडं कंपनीवाल्यांना बोलावतोय, हितं भिंत फुगतीय, आन् तू अक्कलकोटात गप्प?"

"मला तितं कोण सांगणार भिंत फुगली ते?"

"आधी! जाताना तरी!"

संगमेश मध्ये पडला. इतका वेळ त्याच्या चेहऱ्यावर नसलेलं काहीतरी आलं होतं. "जाऊ दे अण्णा. झालं ते झालं. अक्का, तू परत ये. आजच. खोली मी मोकळी करतो. पाणी काढायला खाली बाई लावू, तू नुसतं बघ." तो हसला. "म्हणजे न्हाय काँक्रीट, न्हाय फोडाफोडी. माझी भिंत बी वाचली."

क्षणभर अक्षताला वाटलं की आता हे संपलं. आत्या परत येईल. तिला इतकं बरं वाटलं की वडिलांचा पुढचा प्रश्न तिने नुसता प्रश्न म्हणून ऐकला.

"अक्षता, मोटारीनं होईल का हे?"

"होईल की. तीस कळशा म्हणजे तीनशे लिटर, पावसाळ्यात साडेचारशे धरा. तरंगत्या बटणाची छोटी मोटार कुंडात सोडली की पातळी वाढली की आपोआप चालू होते आणि उतरली की बंद. दिवसातून पाच-सहा मिनिटं सुद्धा..."

वाक्य तोंडातून निघून गेल्यावर तिने वर पाहिलं. आत्या तिच्याकडेच बघत होती. रागाने नाही.

"म्हणून सांगितलं न्हवतं," मायाक्का म्हणाली. "तुझ्या आजोबाच्या वेळेलाच आली होती मोटार बाजारात. सांगितलं असतं तर बसवली असती. मग मला कशाला ठेवलं असतं?"

नबीलालच्या टेम्पोत अशी एक मोटार होती. पाइप खिडकीतून गल्लीतल्या गटारीत सोडला. मोटार सुरू झाली तेव्हा सगळे जिन्यात उभे राहून बघत होते, आणि कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. तळघरातलं पाणी उतरलं, मग कुंडाची कड दिसली, पहिली पायरी, दुसरी. कड दिसल्यापासून तिसरी पायरी उघडी पडायला साडेबारा मिनिटं लागली. अक्षताच्या हातात घड्याळ होतं. तिने ते खिशात टाकलं.

"लाईट गेल्यावर?" मायाक्काने विचारलं.

"इन्व्हर्टर हाय की," संगमेश म्हणाला.

"मोटारीत गाळ अडकतो," अक्षता घाईने म्हणाली. "चुन्याचा. रोज कोणीतरी बघायला पाहिजे. मी खरंच सांगते बाबा, रोज."

"महिन्याला माझा माणूस येईल," नबीलाल म्हणाले. ते चांगल्या मनाने म्हणाले होते. "भिंतीचं सिमेंट तेवढं सगळं खरवडून काढा शेठ, परत चुनाच लावू. वाळायला दोन उन्हाळे जातील. टिकली तर टिकली. मी खात्री देत न्हाय."

*

कागद सोप्यावरच्या लाकडी पेटीवर ठेवला होता. हलू नये म्हणून त्यावर अडकित्ता ठेवला होता. मायाक्का समोर बसली. तिला मराठी अक्षरं वाचता येत नव्हती. लहानपणी आजोळी ती तिसरीपर्यंत कानडी शाळेत शिकली होती, सहीही कानडीतच करायची.

"आता फरशी फोडायची नाही ना?" अक्षता म्हणाली. "मग हा कागद कशाला?"

बसवराजांनी चष्मा पुसला. "वकील बसून लिहून देतो ते काय एका दिवसापुरतं? अक्का आली हाय तर होऊन जाऊ दे. तिला तितं काय कमी हाय? महिन्याला मी धान्य पाठवतो, औषध पाठवतो. मी काय राक्षस न्हाय, अक्का. पण घर एका हातात असलं की दुरुस्ती करता येते. पाच माणसांना विचारत बसायचं का दर वेळी?"

"एका हातात?" संगमेश म्हणाला.

"दोघांच्या. खोलीत मधे भिंत घालू. अर्धी तुझी, दार तुझ्या बाजूनं काढ."

मायाक्काने त्याच्याकडे पाहिलं. या वेळी त्याने मान खाली घातली नाही. तो मनातल्या मनात दार कुठे येईल ते बघत होता.

"वाच बाई," मायाक्का अक्षताला म्हणाली. "काय लिहिलंय ते कळू दे."

अक्षताने कागद उचलला. वकिलाने सगळं क्रमाने लिहिलं होतं. आधी घराच्या चतुःसीमा. मग सिद्धप्पांच्या मृत्युपत्रातला मूळ मजकूर, जसाच्या तसा. तिने तो वाचला.

"'माझी कन्या चिरंजीव मायाक्का हिने या घरातील मधल्या खोलीत तहहयात राहावे. तिला तेथून उठवण्याचा अधिकार माझ्या कोणाही वारसास नाही.'"

"पुढं?"

"पुढे तारीख आहे. मग तुझं निवेदन सुरू होतं, की मी खुशीने..."

"न्हाय, अप्पाचं. पाण्याचं काय लिहिलंय?"

"पाण्याचं काही नाही, आत्या."

"नीट बघ. तिसऱ्या पायरीचं. रोज काढायचं म्हणून."

अक्षताने तो मजकूर पुन्हा वाचला, या वेळी प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून, मायाक्काला अक्षरं कळत नसली तरी ती बोटाकडे बघत होती म्हणून. "एवढंच आहे. दोन ओळी. अट कसलीच नाही."

मायाक्काचे हात मांडीवर होते. कळशीच्या काठाने तळव्यांच्या मधोमध पडलेले घट्टे दोन वर्षांत मऊ झाले होते, पण गेले नव्हते. ती ते बघत बसली. महानंदा दाराच्या आडून बघत होती. तिला वाटलं, म्हातारी आता रडेल. ती रडली नाही.

"बाहत्तर वर्षांची होईपर्यंत काढलं," ती म्हणाली, कोणाला उद्देशून नाही. "ताप असायचा तेव्हा बी. अप्पा गेला त्या दिवशी बी काढलं, त्याला मातीला न्यायच्या आधी. मला वाटलं, एक दिवस चुकला तर जा म्हणतील." थोड्या वेळाने तिने बसवराजांकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं रे, काय लिहिलंय ते?"

"अक्का, मृत्युपत्र सगळ्यांनीच वाचलं होतं."

"मला कुणी वाचून दाखवलं न्हाय."

बसवराजांनी पेन उघडून पेटीवर ठेवलं. मायाक्काने ते उचललं. संगमेश पुढे सरकला. तिने टोपण शोधलं, पेनाला लावलं आणि पेन होतं तिथे ठेवून दिलं.

"सही करत न्हाय."

"अक्का, तू आत्ताच म्हणालीस की, मोटार असती तर मला कशाला ठेवलं असतं..." बसवराज म्हणाले.

"पाणी काढायला मी नको, ते मान्य. खोली पाण्यासाठी दिली न्हवती." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "पोती काढा."

बसवराजांच्या मानेवरची शीर उठली. अक्षताने त्यांना असं क्वचितच पाहिलं होतं. मार्केट यार्डातल्या आपल्या धान्याच्या दुकानातही ते कोणावर ओरडत नसत. "आन् जेवायला कोण घालणार? आजारी पडलीस तर करणार कोण?" ते म्हणाले. "हिचं मनगट असलं. मी साठीचा. हक्क सांगणं सोपं असतं."

"सोपं न्हाय. पण पोती काढा."

हमाल बोलवायचा असता तर सकाळ उजाडावी लागली असती. दोघा भावांनीच पोती काढली. बसवराज एका टोकाला, संगमेश दुसऱ्या. उंबऱ्यावर आलं की "हळू" एवढंच कोणीतरी म्हणे. अठ्ठावीस पोती सोप्यावर रचली, त्यामुळे तिथे बसायला जागा उरली नाही. अक्षता मदतीला गेली तर वडिलांनी तिला हाताने बाजूला केलं. ते तिच्याशी त्या दिवशी पुन्हा बोलले नाहीत.

*

खोलीत भिंतीचा ओला वास होता. मायाक्काने खाट आडवी केली, तिच्यावर पिशवी ठेवली आणि बसली. भिंतीतली भेग आता पूर्ण दिसत होती. वरच्या बाजूला ती करंगळीएवढी रुंद होती. खालच्या बाजूला सिमेंट काढल्याशिवाय किती आहे ते कळणार नव्हतं, असं अक्षता सांगून गेली होती. शोभा, संगमेशची बायको, त्या भिंतीपलीकडे भांडी मुद्दाम आपटत होती.

पायाखाली मोटार सुरू झाली. फरशी बारीक थरथरली. मायाक्काने नकळत पाय वर घेतले. मिनिटभराने मोटार आपली आपण बंद झाली.

उद्या पहाटे चारला जाग येणारच. अक्कलकोटातही यायची, तिथे ती अंथरुणात उजाडेपर्यंत पडून राहायची आणि इथलं पाणी कोण काढत असेल याचा विचार करायची. पूजेला एक तांब्या पाणी लागेल. ते नळाचं चालेल का, याचं उत्तर आता कोणाला विचारायचं ते तिला सुचेना.

दारात महानंदा उभी होती. आत आली नाही. खांद्यावरचा पदर तिने डाव्या हाताने सारखा केला.

"अक्का, भाकरी किती टाकू तुमाला?"

मायाक्काला आठवावं लागलं. "दोन खात होते," ती म्हणाली. "पाणी काढत होते तेव्हा. आता एक टाका."

महानंदा तवा ठेवायला स्वयंपाकघरात गेली.